ऐकलेला शब्द : संत तेरेजा आणि संत योहान यांच्या ग्रंथांच्या निमित्ताने

पवित्र शास्त्राचे शेवटचे पान लिहून झाले आणि परमेश्वर मौन झाला, की तो आजही ख्रिस्ती माणसाशी बोलतो? धर्मज्ञांच्या दृष्टीने हा प्रश्न आता फारसा अवघड राहिलेला नाही. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ साली दैवी प्रकटीकरणाविषयी जो दस्तऐवज काढला, त्यात प्रभू येशूच्या गौरवशाली पुनरागमनापूर्वी कोणत्याही नव्या सार्वजनिक प्रकटीकरणाची अपेक्षा करावयाची नाही, असे निःसंदिग्धपणे सांगितले. आणि त्याच दस्तऐवजात चार परिच्छेद पुढे, जो परमेश्वर पूर्वी बोलला तो आपल्या पुत्राच्या वधूशी, म्हणजे ख्रिस्तसभेशी, अखंड संवाद करीत असतो, असेही सांगितले. १९९२ सालच्या धर्मशिक्षणग्रंथाने खाजगी प्रकटीकरणांना त्यांची जागा नेमून दिली. एखाद्या विशिष्ट काळात ख्रिस्ताचा संदेश अधिक पूर्णपणे जगण्यास त्यांचे साहाय्य होऊ शकते. त्या संदेशात भर घालणे अथवा सुधारणा करणे हे त्यांचे काम नव्हे. सिद्धान्त म्हणून एवढे पुरेसे आहे.

घरात मात्र हा प्रश्न निराळ्या वेषात येतो. प्रार्थनासभेहून परतलेली शेजारीण सांगते, ‘‘देवाने मला तुमच्या मुलीविषयी दाखवले आहे, हे लग्न करू नका.’’ कोणी आजाऱ्याला सांगतो की, तुझी श्रद्धा असेल तर औषधाची गोळी बाजूला ठेव, असा प्रभूचा निरोप आहे. कोणा घराला सांगितले जाते की, तुमच्या आजोबांचे पाप अजून या भिंतींत आहे. अशी उदाहरणे वाचकांनाही ठाऊक असतील. ऐकणाऱ्या आईबापांपुढे दोनच मार्ग उरतात : सारे थोतांड म्हणून झिडकारावे, किंवा भीतीने मान तुकवावी. व्हॅटिकनचा दस्तऐवज त्या वेळी हाताशी नसतो. असला तरी त्याने मनाचा थरकाप थांबत नाही.

म्हणूनच या प्रश्नाकडे आम्ही येथे धर्मसिद्धान्ताच्या वाटेने न जाता साहित्याच्या वाटेने जाणार आहोत. सोळाव्या शतकातील स्पेनमध्ये, एकाच कार्मेल संघात, एकाच सुधारणेसाठी झटणारी दोन माणसे होऊन गेली. एकीने आपल्या कानी पडलेल्या प्रभूच्या शब्दांनी पानेच्या पाने भरली. दुसऱ्याने असे शब्द मागणाऱ्याला ख्रिस्ताचा अपमान करणारा ठरवले. आविलाची संत तेरेजा आणि क्रूसाचा संत योहान ही ती दोघे. १५७२ पासून पाच वर्षे योहान आविला येथील तिच्या मठातील भगिनींचा पापनिवेदन ऐकणारा धर्मगुरू होता. म्हणजे ज्याला हे शब्द नकोसे वाटत होते, त्यालाच ती ते सांगत होती. दोघांनाही ख्रिस्तसभेने आचार्यपद दिले : योहानाला १९२६ साली, तेरेजेला १९७० साली. दोघांचे ग्रंथ शेजारी ठेवून वाचण्यात जो लाभ आहे, तो एकेकाचा सुटा वाचून मिळत नाही, असे आमचे मत आहे.

तेरेजेच्या आत्मचरित्राचे सव्विसावे प्रकरण उघडावे. १५५९ साली इन्क्विझिशनचे प्रमुख फेर्नांदो दे वाल्देस यांनी निषिद्ध ग्रंथांची यादी प्रसिद्ध केली. लोकभाषेतील बायबल तर स्पेनमध्ये वर्ज्यच होते. आता स्पॅनिश भाषेतील अनेक भक्तिपर पुस्तकेही काढून घेण्यात आली. तेरेजेला लॅटिन येत नव्हते. दररोजच्या स्तोत्रप्रार्थनेत ती लॅटिन शब्द म्हणत असे, पण अर्थासाठी तिला उसन्या आधारावर विसंबावे लागे. जी पुस्तके तिला वाचता येत, तीच गेली. त्या दुःखात असताना प्रभूने तिला सांगितले की, खंत करू नकोस, मी तुला एक जिवंत पुस्तक देईन. त्याचा अर्थ तिला त्या वेळी कळला नाही. थोड्याच दिवसांत तिला साक्षात्कार होऊ लागले, तेव्हा तो कळला, असे ती लिहिते.

हा प्रसंग नेहमी भाविकतेने सांगितला जातो आणि त्यातील धार तेवढी निसटते. शास्त्राबाहेर परमेश्वर बोलतो का, असे आपण सहज विचारतो. जणू शास्त्र प्रत्येकाच्या हाती आहेच. तेरेजेच्या हाती ते नव्हते. ते तिच्या हाती नसण्यास परमेश्वर नव्हे, माणसे कारणीभूत होती, आणि ती माणसे ख्रिस्तसभेचीच होती. तिच्या बाबतीत शास्त्राबाहेरची वाणी ही शास्त्राला कंटाळून शोधलेली नवलाई नव्हे. बंद दारामागे राहिलेल्या लेकराला आईने खिडकीतून घातलेली हाक आहे. मराठी वाचकाला येथे आमची संत बहिणाबाई आठवेल. वेदांचा अधिकार नाकारलेल्या त्या ब्राह्मण स्त्रीलाही स्वप्नात तुकोबांचा उपदेश झाला, आणि तिनेही आपले जीवन आपल्याच तोंडाने अभंगांत सांगितले. साम्य फार ताणण्यात अर्थ नाही, कारण दोघींचा विश्वास निराळा. परंतु पोथी नाकारलेल्या स्त्रीने ऐकलेल्या शब्दाला तिच्या काळचे पंडित कोणत्या नजरेने पाहत असतील, हे समजण्यास त्याची मदत होते.

ती नजर संशयाची होती, आणि तो संशय अगदीच निराधार नव्हता. कॉर्दोबा येथील एका मठाची प्रमुख, माग्दालेना दे ला क्रूस, साक्षात्कारांसाठी देशभर गाजली होती. मोठमोठी माणसे तिचा सल्ला घेत. पुढे तिने सारे ढोंग होते असे कबूल केले आणि १५४६ साली इन्क्विझिशनने तिला शिक्षा दिली. अवघ्या दहाबारा वर्षांनी आविलातील एक व्रतस्थ स्त्री सांगू लागली की, प्रभू माझ्याशी बोलतो. तेव्हा तिचे मार्गदर्शक हादरले यात नवल काय? हे सैतानाचे काम आहे असे त्यांपैकी काहींनी ठरवून टाकले. एकाने आज्ञा केली की, साक्षात्कार झाला की मूठ आवळून, अंगठा बोटांमधून काढून दाखवावा. त्या काळी ही अत्यंत अपमानास्पद खूण होती. ज्याच्यावर जीव जडला आहे त्याला अशी खूण दाखवावयाची! तिने ती दाखवली; रडत रडत, क्षमा मागत दाखवली. आणि तिच्या सांगण्याप्रमाणे प्रभूने तिला काय सांगितले? तू आज्ञा पाळतेस हे योग्यच करतेस. सत्य कळेल, ते मी पाहून घेईन. पुढे तिला प्रार्थनाच बंद करण्यास सांगण्यात आले, तेव्हा मात्र तो रागावल्यासारखा वाटला, आणि ही जुलूमशाही आहे असे त्यांना सांग, असे त्याने म्हटले.

हा प्रसंग आम्हांला साऱ्या आत्मचरित्राचा कणा वाटतो. जो शब्द स्वतःचा अपमान करणाऱ्या आज्ञेलाही मान देण्यास सांगतो, तो माणसाने स्वतःच्या सोयीसाठी रचलेला असणे कठीण आहे. मार्गदर्शकाची आज्ञा आणि प्रार्थनेत ऐकलेला शब्द यांत विरोध आला, तर मार्गदर्शकाचे ऐक असेच प्रभू मला सांगतो, नंतर तो त्याचे मन वळवतो, असे ती अन्यत्रही नमूद करते. घाई तिला नाही. घाई त्या शब्दालाही नाही.

लेखनाच्या अंगानेही एक गोष्ट लक्षात येते. तेरेजेची स्वतःची वाक्ये लांब, फाटे फुटणारी, मध्येच विषय सोडून परत येणारी आहेत. मी काय सांगत होते ते विसरले, मला नीट सांगता येत नाही, शिकलेल्या माणसांनी हे दुरुस्त करावे, असे ती पदोपदी म्हणते. प्रभूचे म्हणून ती जे शब्द देते ते मात्र बहुधा आखूड असतात. एक वाक्य, फार तर दोन. त्यांत अलंकार नाही, स्तुती क्वचित, भविष्यकथन त्याहून क्वचित. बुद्धीने रचलेले बोलणे आणि ऐकलेले बोलणे यांतील फरक ती पंचविसाव्या प्रकरणात सांगते : पहिले आपण जुळवत जातो आणि मनात आणले तर थांबवू शकतो, दुसरे ऐकावेच लागते, आणि ते बोलता बोलता काम करून जाते. १५७७ साली लिहिलेल्या ‘अंतरीच्या गडा’त, सहाव्या महालाच्या तिसऱ्या प्रकरणात, तिने याच्या खुणा अधिक व्यवस्थित मांडल्या. शब्दासोबत सामर्थ्य यावे. मागे शांतता राहावी. आणि तो दीर्घकाळ स्मरणातून जाऊ नये. परंतु या खुणांआधी ती जी अट घालते ती महत्त्वाची आहे : शास्त्राशी जे तंतोतंत जुळत नाही, त्याची किंमत सैतानाच्या बोलण्याएवढीच. शिवाय खरा शब्द ऐकला म्हणून कोणी स्वतःला मोठे समजू नये, कारण परूशांनीही प्रभूचे पुष्कळ शब्द ऐकले होते, असा टोलाही ती लगावते. उदास प्रकृतीच्या भगिनींनी असे काही सांगितले तर त्यांना रागावू नये, मानही देऊ नये. आजाऱ्याचे बोलणे म्हणून ऐकून घ्यावे, हा तिचा सल्ला आजच्या मानसोपचारतज्ज्ञालाही पटावा.

जिला शास्त्र मिळाले नाही, तिनेच शास्त्राची कसोटी सर्वांत आधी ठेवावी, हे विलक्षण आहे. पण तिने ऐकलेले शब्द तपासले तर ते तितके विलक्षण वाटत नाही, कारण त्यांतील काही शब्द तिला शास्त्राकडेच ढकलणारे आहेत. आत्मचरित्राच्या चाळिसाव्या आणि अखेरच्या प्रकरणात प्रभू तिला सांगतो की, जगाचे सारे नुकसान शास्त्रातील सत्ये स्वच्छपणे न ओळखल्यामुळे होते. त्याहून मार्मिक शब्द १५७१ च्या सुमाराचा आहे. स्त्रियांनी घरात राहावे या संत पौलाच्या उपदेशाकडे बोट दाखवून काही जण तिच्या मठस्थापनेच्या भ्रमंतीला नावे ठेवीत; तिच्याही मनात किंतु आला. तेव्हा तिने ऐकले ते असे : त्यांना सांग, शास्त्राच्या एकाच भागावर चालू नका, इतर भागही पाहा, आणि माझे हात तुम्हांला बांधता येतील का तेही पाहा. येथे शास्त्राबाहेरचा शब्द शास्त्राला छेद देत नाही. अर्धवट वाचन करणाऱ्यांच्या तावडीतून तो शास्त्राची सुटका करतो. सात वर्षांनी परमगुरूंचे प्रतिनिधी फेलिपे सेगा यांनी तिला चंचल, भटकी, पौलाच्या शिकवणुकीविरुद्ध शिकवणारी बाई म्हटले, तेव्हा हा शब्द तिच्या कामी आला असेल.

स्त्रीने शास्त्रावर लिहिणे तर आणखी धोक्याचे. ‘गीतरत्ना’तील काही वचनांवर तिने चिंतन लिहिले, एका मार्गदर्शकाने ते जाळण्यास सांगितले आणि तिने ते त्याच क्षणी जाळले. भगिनींनी आधीच उतरवून घेतलेल्या प्रतींमुळे ते आज वाचावयास मिळते. आत्मचरित्र १५७५ साली इन्क्विझिशनच्या ताब्यात गेले आणि तिच्या हयातीत तिला छापील स्वरूपात दिसले नाही. ते १५८८ साली साल्मान्का येथे छापून निघाले, आणि त्याचे संपादन केले ते फ्राय लुइस दे लेओन यांनी. ज्यांनी ‘गीतरत्ना’चे स्पॅनिश भाषांतर केले म्हणून, इतर आरोपांसह, जवळजवळ पाच वर्षे तुरुंगवास भोगला होता.

आता योहानाकडे वळू. ‘कार्मेल पर्वताचे आरोहण’ या ग्रंथाच्या दुसऱ्या भागातील बाविसावे प्रकरण हे या विषयावरील सर्वांत कठोर लेखन होय. १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथाने आधारासाठी तेच निवडले. योहानाचा मुद्दा सरळ आहे. जुन्या करारात संदेष्ट्यांनी परमेश्वराला प्रश्न विचारले ते योग्यच होते, कारण सारे अजून सांगावयाचे होते. परंतु आपला पुत्र देऊन त्याने आपला एकमेव शब्द उच्चारला. आता सांगण्यासारखे त्याच्यापाशी काही उरलेले नाही. म्हणून जो आज साक्षात्कार मागतो तो केवळ मूर्खपणा करीत नाही, तर ख्रिस्तावरची नजर काढून घेऊन परमेश्वराचा अपमान करतो. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या पहिल्या ओळींतून त्याने हा सारा विचार उलगडला आहे.

या प्रकरणात एक गंमत आहे, ती टीकाकारांनी फारशी बोलून दाखवलेली आम्हांला आढळली नाही. परमेश्वर नव्याने काही बोलणार नाही हे पटवण्यासाठी योहान जवळजवळ पानभर परमेश्वराच्याच तोंडी भाषण घालतो. साक्षात्कार मागणाऱ्याला पिता उत्तर देतो, समजावतो, काहीसा रागावतो, रूपांतराच्या डोंगरावरील आपल्या शब्दांची आठवण देतो. योहानाने हे ऐकले असे तो म्हणत नाही. ते त्याने रचले आहे. त्यातील धागान्‌धागा शुभवर्तमानातून आणि पौलाच्या पत्रांतून घेतलेला आहे. आणि तरीही वाचताना ते त्या क्षणी आपल्याला उद्देशून बोललेले वाटते. योहानाने दाराला कडी घातली खरी. पण परमेश्वर आज बोलला तर कसा बोलेल याचा उत्तम नमुनाही त्याच पानावर ठेवला. जुनाच शब्द, या माणसासाठी, या वेळेला. तेरेजेच्या कानी पडलेले उत्तम शब्द याहून निराळे नाहीत.

मग दोघांत मतभेद नाही असे म्हणावे काय? तसे म्हणणे सोयीचे आहे, पण प्रामाणिक नाही. तेरेजा आलेला शब्द जपते, त्यावर जगते, त्याच्या बळावर मठ स्थापन करते. योहान सांगतो की, खरा असला तरी त्याला धरून बसू नये. त्याने जे करावयाचे ते तो करून गेला, तुम्ही श्रद्धेच्या अंधारातच चाला. आमचा कल, साहित्य म्हणून, तेरेजेकडे आहे. तिच्या पानांवर माणूस दिसतो, योहानाच्या या ग्रंथात वर्गीकरण दिसते. मात्र धर्मग्रामातील एखाद्या कुटुंबाने संकटाच्या वेळी आधी कोणाचे ऐकावे असे विचारले तर आम्ही योहानाचे नाव घेऊ. त्याच बाविसाव्या प्रकरणातील मोशे आणि इथ्रो यांचे उदाहरण पाहा. मोशेशी परमेश्वर मित्राशी बोलावे तसा बोलत असे. तरी लोकांचे तंटे सोडवण्यासाठी हाताखाली न्यायाधीश नेमावेत, एवढी साधी युक्ती त्याने मोशेला सांगितली नाही. ती सांगितली सासऱ्याने. जे माणसाच्या विवेकाने आणि सल्ल्याने उमजू शकते, ते परमेश्वर सहसा वेगळे प्रकट करीत नाही, असा निष्कर्ष योहान काढतो. पेत्राची चूकही आकाशवाणीने दाखवली नाही. पौलाने तोंडावर दाखवली. मुलीसाठी आलेले स्थळ चांगले आहे की नाही, हे चौकशी करून कळते. इन्सुलिन घ्यावे की नाही, हे डॉक्टरला विचारून कळते. तेथे प्रभूचा निरोप कशाला हवा?

पुढे अठ्ठाविसाव्या प्रकरणापासून तो शब्दांचे तीन प्रकार करतो. एकाग्र झालेले मन स्वतःच विचार जुळवत जाते आणि दुसरेच कोणी बोलत आहे असे त्याला वाटते, हा पहिला. नेमक्या शब्दांत बाहेरून आल्यासारखा ऐकू येतो तो दुसरा. आणि जो उच्चारताच घडवून आणतो, भिऊ नको म्हणताच ज्याने भीती जाते, तो तिसरा. तिसऱ्याचेच त्याला मोल आहे. पहिल्याविषयी लिहिताना त्याची लेखणी तिखट होते : चार पैशांचे चिंतन गाठीशी असलेली माणसे हल्ली काहीही ऐकतात आणि त्याला देवाचा बाप्तिस्मा देऊन टाकतात, अशा आशयाचे तो लिहितो. हे ‘हल्ली’ सोळाव्या शतकातील आहे, याची आठवण ठेवावी.

या दोघांच्या एकत्र हसण्याचीही एक नोंद आहे. तेरेजेने प्रार्थनेत स्वतःला माझ्यात शोध अशा अर्थाचे शब्द ऐकले. याचा अर्थ काय, असे तिने आपल्या मंडळींना विचारले. तिचा भाऊ लोरेन्सो, फ्रान्सिस्को दे साल्सेदो हे गृहस्थ, फादर हुलियान दे आविला आणि स्वतः योहान यांनी आपापली उत्तरे लिहिली, आणि १५७७ च्या आरंभी तोलेदोहून तेरेजेने त्या उत्तरांची थट्टेने परीक्षा घेतली. साल्सेदो पौल असे म्हणतो, पवित्र आत्मा तसे म्हणतो असे घोकतो आणि शेवटी आपण मूर्खपणा लिहिला असे म्हणतो. तेव्हा इन्क्विझिशन जवळच आहे, तेथे याची तक्रार करते, असा तिने दम दिला. योहानाचे उत्तर फारच उंचीचे झाले; जगाला पूर्ण मेल्याखेरीज देव सापडत नसेल तर महागात पडेल, मग्दालेना, शमरोनी स्त्री आणि कनानी स्त्री यांना तो सापडला तेव्हा त्या कोठे मेल्या होत्या, असे तिने विचारले. ज्या इन्क्विझिशनच्या हाती तिचे पुस्तक अडकले होते तिचीच थट्टा! आणि ज्या शब्दाविषयी ही थट्टा, तो तिच्या लेखी साक्षात प्रभूचा. तो चारचौघांच्या हाती सोपवण्यात तिला भय वाटले नाही. त्याचा अर्थ मीच सांगणार असा हट्ट तिने धरला नाही.

याच्या नेमके उलट चित्र योहानाच्या एका छोट्या अभिप्रायात आहे. आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत त्याला कार्मेल संघातील एका भगिनीच्या प्रार्थनेविषयीचे लेखन तपासण्यास दिले गेले. तिचे नाव त्यात नाही. त्याने पाच दोष काढले : स्वतःच्या अनुभवाचा लोभ, चुकण्याची भीती नसणे, आपले खरे आहे हे इतरांना पटवण्याची ओढ, नम्रतेची खूण कोठेच नसणे, आणि पाचवा, भाषा. जो आत्मा तिला लाभला असे ती म्हणते, तो साधे बोलावयास शिकवतो. ही भाषा नटवी आहे, आणि मी देवाला म्हणाले, देव मला म्हणाला, हा सारा प्रकार निरर्थक वाटतो, असे त्याने लिहिले. तिला हे लिहू देऊ नये, तिच्यापुढे त्याचे कौतुक करू नये, आणि नम्रता व आज्ञापालन यांत तिची परीक्षा घ्यावी, असा उपाय त्याने सुचवला.

पाचवा दोष वाचून आम्ही थबकलो. एका संताने शैलीवरून आत्म्याची पारख केली आहे! प्रार्थनासभांची पत्रके आणि आमची नियतकालिके, यांतून छापल्या जाणाऱ्या ‘साक्षीं’ना हीच फूटपट्टी लावून पाहावी. १९६७ साली अमेरिकेत पिट्सबर्ग येथून सुरू झालेल्या चॅरिस्मॅटिक चळवळीने आपल्या धर्मग्रामांत पुष्कळ चांगले केले आहे, हे मान्यच केले पाहिजे. कितीकांची दारू सुटली, आणि ज्यांनी बायबल कधी उघडले नव्हते त्यांच्या उशाशी ते आले. तरीही या साक्षींचे गद्य वाचवत नाही. त्यांत परमेश्वर लांबलचक बोलतो, इंग्रजी भक्तिपुस्तकांच्या भाषांतरासारखे बोलतो, आणि बोलणाऱ्याच्या मनात आधीच जे होते तेच बोलतो. नोकरी मिळेल, व्हिसा मिळेल, शत्रू लाजेल. तेरेजेच्या पुस्तकात ऐकलेल्या शब्दाची किंमत बहुधा ऐकणारी स्वतः मोजते : थट्टा, चौकशी, प्रवास, आजारपण. आमच्या साक्षींत ती अनेकदा दुसऱ्याने मोजावयाची असते; लग्न मोडते ते शेजाऱ्याच्या मुलीचे, औषध सुटते ते दुसऱ्याच्या आईचे. कोणी ‘देवाने मला सांगितले’ म्हणत दारात उभा राहिला, तर हिशेब कोणाच्या नावावर पडतो एवढे जरी त्या घराने पाहिले, तरी अर्धे भय कमी होईल.

रोमनेही याबाबतीत योहानाचीच सावधगिरी पत्करलेली दिसते. १७ मे २०२४ रोजी श्रद्धासिद्धान्त विभागाने साक्षात्कार व तत्सम घटनांविषयी नवे नियम काढले आणि १९७८ ची नियमावली बाजूला ठेवली. यापुढे एखादी घटना अलौकिक आहे असे महागुरूंनी सर्वसाधारणपणे घोषित करावयाचे नाही. फार तर ‘हरकत नाही’ एवढेच म्हणावयाचे. श्रद्धाळूंनी तिचा लाभ घ्यावा, पण तसे करण्यास ते बांधील नाहीत. ‘हरकत नाही’ हा शब्द कोणाला थंड वाटेल; आम्हांला तो शहाणपणाचा वाटतो.

आमच्या पूर्वजांची स्थिती तेरेजेसारखीच होती. उत्तर कोकणातील ख्रिस्ती माणसाने पिढ्यान्‌पिढ्या मिस्सा ऐकला तो लॅटिनमध्ये. ती निवर्तण्यापूर्वी तीन वर्षे, १५७९ साली, गोव्यात उतरलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राशोल येथे छापले गेले, तेव्हा मराठीत बायबल नव्हते. नव्या ख्रिस्ती लोकांनी शास्त्र ऐकले ते ओवीतून. ती ओवी म्हणजे शास्त्र नव्हे, आणि तरी तिच्यातून ते बोलले. आज परिस्थिती निराळी आहे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ २०१० साली आले, त्याला २०१३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, आणि ते विकत घेण्यास कोणाची परवानगी लागत नाही. बंद खिडकीतून हाक ऐकण्याची वेळ तेरेजेवर आली होती. दार उघडे असताना खिडकीशीच कान लावून बसण्याचे कारण आपल्यापाशी नाही. कपाटातील ती प्रत किती घरांत उघडली जाते, हा निराळा विषय आहे. असो.

तेरेजेच्या शेवटाविषयी एक नोंद करावीशी वाटते. ४ ऑक्टोबर १५८२ च्या रात्री आल्बा दे तोर्मेस येथे ती मरण पावली. दिनदर्शिका त्याच रात्री बदलल्यामुळे दुसरा दिवस १५ ऑक्टोबरचा उजाडला. जवळ असलेल्या भगिनींनी पुढे साक्षी दिल्या. प्रभूचे इतके शब्द ऐकलेल्या या स्त्रीने त्या रात्री कोणताही नवा निरोप सांगितला नाही. आपण ख्रिस्तसभेची लेक म्हणून मरत आहोत याबद्दल ती आभार मानीत होती, आणि भग्न, अनुतप्त हृदयाविषयीचे एक्कावन्नाव्या स्तोत्रातील शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होती. स्पॅनिशमध्ये नव्हे, तिला न येणाऱ्या लॅटिनमध्ये, जसे ते सत्तेचाळीस वर्षे गायनकक्षात म्हटले होते तसे.